पान एक्केचाळीस

नव्या पेठेत, फुटपाथवर, साठ रुपयांना मिळालं.
आतल्या कव्हरवर निळ्या शाईत नाव:
रेवणसिद्ध म. हत्तुरे, बी.एस्सी. भाग दोन,
खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

त्यानं पेन्सिलीनं सोडवलेत सगळे स्वाध्याय
पान एक्केचाळीसपर्यंत.
तिथं समासात लिहिलंय, ‘हे का?’
खाली दोन रेघा.
पुढची पानं एकमेकांना चिकटलेली,
कुणी बोट लावलं नाही.
त्याचं काय झालं, पुस्तकाला माहीत नाही.

प्रस्तावनेत म्हटलंय, पूर्वज्ञान लागत नाही,
फक्त संगणक हवा.
मला तो मिळतो सात ते आठ,
अशोक चौकात, दुडम सरांच्या क्लासमध्ये,
झाडून काढायच्या बदल्यात.
बाकीच्या वेळी वहीत लिहिते
आणि मीच संगणक होते:
बोट एकेका ओळीवर, ओठ हलत,
शेवटी चौकट काढून उत्तर.
दुपारच्या उन्हात
हा संगणक पेंगतो.

पान नऊवर लिहिलंय,
मागावरची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं
म्हणजे संगणकाचे पूर्वज.
नान्नांना वाचून दाखवलं.
बावीस वर्षं त्यांनी ती कार्डं ओवली,
चादरींवर मोर उतरवले.
बशी खाली ठेवून म्हणाले,
मग माझा फंड कुठल्या संगणकात अडकलाय
तेवढं विचार त्याला.

पान एक्केचाळीस: लूप.
अट खरी आहे तोवर पुन्हा करा.
नळ येत नाही तोवर थांबा,
हे आमच्या गल्लीत पुस्तकाशिवाय शिकतात,
तरी मीही अडले. आठ दिवस
त्याच्या त्या ‘हे का?’पाशी.

नवव्या दिवशी अम्मा समोर बसली होती,
मांडीवर सूप.
ओल्या पानावर पत्र्याचं माप, कात्री,
चिमूटभर तंबाखू, वळण, टोक दुमडलं, दोरा.
परत पान.
मी रोज बघते हे.
त्या दिवशी वही घेऊन बघितलं:

पानं आहेत तोवर
वळ.
फाटलं असेल तर बाजूला टाक.
पंचवीस झाल्या की बांध.

संध्याकाळी टाइप केलं. तांबडी ओळ आली:
कुठला तरी कंस उघडून
मी मिटायचा विसरले होते.
मिटला.
मग चाललं ते थांबेचना.
पडदाभर रेघाच रेघा,
सर ओरडत आले, अगं बंद कर की ते!

वळलेलं पान ढिगातून वजा करायचं
राहिलं होतं माझ्याकडून.
कधीच न संपणारी पानं.
अम्माला हे सांगितलं नाही.
ती हसली नसती.

तिसऱ्या खेपेला शहाण्यासारखं थांबलं.
एक बंडल, बिडीला एक उभी रेघ,
जशीच्या तशी वहीत उतरवून घरी आणली.
अम्माला मराठी वाचता येत नाही, तेलुगूही नाही.
तिनं अंगठा फिरवला रेघांवरून,
मोजत नव्हती, नुसता फिरवला,
आणि म्हणाली, एक कमी आहे.

मी मोजल्या. चोवीस.
परत मोजल्या.
‘पंचवीसपेक्षा कमी तोवर’ लिहिलं होतं मी,
पंचवीसावी दारातच राहिली.

ब्रँचमध्ये असलं बंडल घेतील का,
म्हणाली, आणि पुढचं पान उचललं.

रात्री पलीकडच्या शेडात माग चालू होते.
मी पेन्सिलीला टोक केलं.
हत्तुरेंच्या ‘हे का?’खाली लिहिलं:
पंचवीसपर्यंत. पंचवीससुद्धा.
मग अम्माच्या मापाची कड घालून
हळूहळू सोडवलं बेचाळिसावं पान.

कोपऱ्यात जरासं फाटलं.
छाटात नाही टाकलं.